मोटार पाहावी बसून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी घरोघरी मोटारी असत्या, तर या म्हणीला तिसरा चरण खचित जोडला गेला असता : मोटार पाहावी बसून. मात्र हे बसणे चालकाच्या जागेवरचे नव्हे. ती जागा बहुतेक मोटारींत बरीच असते. कारण मोटार घडविणारा, ती विकणारा आणि ती विकत घेणारा असे तिघेही तिच्यावरच बसून पाहतात. मला अभिप्रेत असलेले बसणे मागच्या बाकावरचे आहे, आणि तेही दोन माणसांच्या मधले. आपल्या भाषेत 'अंग चोरून बसणे' हा एक सुरेख वाक्प्रचार आहे. तो मोटारी येण्यापूर्वीचा असला, तरी त्याचा संपूर्ण अर्थ त्या मधल्या जागेवर बसल्यावाचून कळत नाही.

मोटारींची तुलना करण्याचा छंद आपल्या समाजात आता चांगलाच रुजला आहे. यंत्राची शक्ती किती, एका लिटरमध्ये ती किती धावते, किंमत काय, रंग कोणते, समोरचा पडदा केवढा, यांची चर्चा लग्नमंडपात चालते, कचेरीत चालते, आगगाडीच्या डब्यातही चालते. परंतु आत बसणाऱ्या माणसाला गुडघे कोठे ठेवावे लागतील, हा प्रश्न या चर्चेत शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. नागपूरहून पुण्याला निघालेले कुटुंब सातशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता तोडते, तेव्हा यंत्राची शक्ती एकट्या चालकाच्या अनुभवास येते. आसनाची गुणदोषचर्चा मात्र उरलेल्या चौघांच्या पाठी दिवसभर करीत असतात. यासाठी मोटारीच्या अंतर्भागाचा, तिच्यातील जागेचा आणि बैठकीचा आज थोडा विचार करू.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. मोटार जितकी लांब, तितकी ती आत प्रशस्त, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक बाहेरची लांबी ही घराच्या कुंपणासारखी आहे. कुंपण मोठे असले म्हणून माजघर मोठे असतेच असे नाही. माणसांच्या वाट्याला येणारी जागा मुख्यतः पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये असते. या अंतराला आपण सोयीसाठी 'आसांतर' म्हणू. एकूण लांबीपैकी आसांतर किती, एवढे पाहिले, तरी मोटार घडविणाऱ्याने माणसांना किती मान दिला आणि नाका-शेपटाला किती, याचा पहिला अंदाज येतो.

आपल्या परिचयाच्या गाड्या घेऊ. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार होणारी अँबॅसडर ही मुळात इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिची लांबी सुमारे ४३२ सेंटिमीटर, आसांतर सुमारे २४६. म्हणजे शंभरात सत्तावन्न. दुसरी आपली पद्मिनी. फियाट ११०० या इटालियन गाडीचा हा अवतार मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात घडत असे. तिची लांबी सुमारे ३९३, आसांतर २३४. म्हणजे शंभरात जवळजवळ साठ. आता २०१९ साली नव्या रूपात आलेली मारुतीची वॅगन-आर पाहा. लांबी ३६५, आसांतर २४३, शंभरात सदुसष्ट. अँबॅसडरपेक्षा ही गाडी तब्बल ६७ सेंटिमीटरांनी आखूड आहे. परंतु माणसांच्या वाट्याला येणाऱ्या आसांतरात दोघींमधील फरक जेमतेम तीन सेंटिमीटरांचा! उरलेले सर्व अंतर अँबॅसडरने पुढचे लांब नाक आणि मागची पेटी यांच्यावर खर्च केले होते.

हा चमत्कार घडला कसा? जुन्या मोटारींत यंत्र पुढे, उभे बसविलेले असे आणि त्याची शक्ती एका लांब दंडाने मागच्या चाकांना पोचविली जाई. यंत्राला लांब नाक लागे, आणि दंडासाठी गाडीच्या तळातून एक उंचवटा काढावा लागे. मागे मधोमध बसणाऱ्याने पाय कोठे ठेवावेत, हा प्रश्न त्या उंचवट्याने निर्माण केला. १९५९ साली इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिस या अभियंत्याने 'मिनी' या लहानग्या मोटारीत यंत्र आडवे टाकले आणि शक्ती पुढच्याच चाकांना दिली. अवघ्या दहा फूट लांबीची ही गाडी. पण तिच्या तळाचा सुमारे ऐंशी टक्के भाग माणसांच्या आणि सामानाच्या उपयोगी पडत असे. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक लहान मोटारी या एका कल्पनेच्या वंशज आहेत. भारतात ही कल्पना घरोघरी नेली ती मारुती ८००ने. १९८३च्या डिसेंबरात ती आली. तिच्या १९८६ नंतरच्या रूपाची लांबी अवघी ३३३ सेंटिमीटर होती, आणि तरीही चार माणसांचे कुटुंब तिच्यात प्रवास करी.

परंतु आसांतर म्हणजे सर्वस्व नव्हे. तसे असते, तर अँबॅसडर आणि वॅगन-आर यांत बसण्याचा अनुभव एकच झाला असता. अँबॅसडरची कीर्ती ऐसपैसपणाची होती, आणि ती खोटी नव्हती. तिचे मागचे आसन सलग, रुंद बाकासारखे होते. त्यावर घरातील वडीलधाऱ्यांना पाय वर घेऊन मांडी घालता येई. छत उंच होते. आसन जमिनीपासून खुर्चीइतके वर होते, त्यामुळे आत शिरताना माणसाला वाकावे लागले, तरी लोळण घ्यावी लागत नसे. दिल्लीतील मंत्री तिच्यातून उतरत, कलकत्त्यातील पिवळ्या टॅक्सीचे उतारू तिच्यातूनच उतरत, आणि दोघेही उतरताना सारखेच प्रतिष्ठित दिसत. मुंबईत हेच काम काळ्या-पिवळ्या पद्मिनीने केले. २०२३च्या ऑक्टोबरात पद्मिनीची अखेरची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी तिच्या रूपाबद्दल हळहळ व्यक्त केली. मला वाटते, ती हळहळ काही अंशी तिच्या बैठकीबद्दलही असावी.

उंचीचे महत्त्व आणखी एका परदेशी उदाहरणाने स्पष्ट होईल. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने 'दोन अश्वशक्ती' या नावाची एक कुरूप गाडी मांडली. ती शेतकऱ्यासाठी होती. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन तिने चालावे, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी अट कंपनीचे प्रमुख पिएर बूलांजे यांनी तिच्या घडणीसाठी घातली होती. बूलांजे उंच होते, आणि डोक्यावर हॅट घालूनच ते नमुन्याच्या गाडीत बसून पाहत, असे सांगतात. हॅटला छत लागले, की नमुना नापास. आपल्याकडे कोणी फेट्याची किंवा पागोट्याची कसोटी लावून मोटार घडविली असती, तर तिची रचना काय झाली असती, याची कल्पना करण्यासारखी आहे. यातील मर्म असे, की बूलांजे यांनी आधी माणूस पाहिला, त्याची टोपली पाहिली, त्याचा रस्ता पाहिला आणि मग मोटारीचा विचार केला.

आपल्याकडेही असे दोन प्रयत्न झाले, आणि दोन्ही टाटांचे. १९९८ साली पुढे आलेल्या इंडिकाच्या मागे रतन टाटा यांनी उद्दिष्ट ठेवले होते ते असे : बाहेरून ती मारुतीच्या झेनएवढी लहान असावी, आणि आत अँबॅसडरइतकी जागा असावी. पिंपरी-चिंचवडमध्ये घडलेल्या या गाडीने हे उद्दिष्ट बऱ्याच अंशी साधले. टॅक्सीच्या धंद्याने ती पुढे उचलून धरली, यात नवल नाही. दुसरा प्रयत्न नॅनोचा. २००८ साली ती जगापुढे आली. लांबी अवघी ३१० सेंटिमीटर, पण आसांतर २२३. म्हणजे शंभरात बहात्तर. उंची १६५. यंत्र मागच्या आसनाखाली दडविलेले. मारुती ८००पेक्षा ती बाहेरून आठ टक्क्यांनी आखूड आणि आतून एकवीस टक्क्यांनी मोठी असल्याचे कंपनीने सांगितले होते. सामानाला मात्र तिच्यात जागा थोडी होती, आणि प्रारंभीच्या नॅनोत मागून उघडणारे दारही नव्हते. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक सांगतात; परंतु बैठकीच्या परीक्षेत ती नापास झाली, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

आता थोडे माझ्या व्यवसायाकडे वळतो. सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळते : नियमातील एक आकडा पुष्कळदा कारागिराच्या हातातील कानसापेक्षा अधिक आकार देतो. २००६च्या अंदाजपत्रकाने लहान मोटारीची व्याख्या केली. लांबी चार मीटरांपेक्षा अधिक नसावी, पेट्रोलचे यंत्र १२०० घनसेंटिमीटरांपर्यंत आणि डिझेलचे १५०० पर्यंत असावे; अशा मोटारीला करात सवलत. हेतू चांगलाच होता. परंतु परिणाम पाहा. मारुतीची स्विफ्ट डिझायर २००८ साली आली, तेव्हा ४१६ सेंटिमीटर लांब होती. २०१२ साली ती ३९९.५ सेंटिमीटरांची झाली. अर्धा सेंटिमीटर राखून नियम पाळला गेला! मग लांबी कमी झाली ती कोणाच्या वाट्याची? सामानाची पेटी ४४० लिटरांवरून ३१६ लिटरांवर आली. आसांतर मात्र चार सेंटिमीटरांनी वाढले. अर्थात त्या वेळी अभियंत्याने माणसांना सांभाळले आणि ट्रंकांना मागे ठेवले, याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही चार मीटरांची रेघ कायम आहे. रेघेच्या अलीकडच्या मोटारीला अठरा टक्के आणि पलीकडच्या मोठ्या मोटारीला चाळीस टक्के कर.

अमेरिकेत सरकारी पर्यावरण खाते इंधनाच्या तक्त्यासाठी मोटारींची प्रतवारी करते, ती बाहेरच्या लांबीवरून नव्हे, तर माणसांच्या आणि सामानाच्या जागेचे घनफळ मोजून. १२० घनफूट किंवा त्याहून अधिक जागा असलेली मोटार 'मोठी', ११० ते १२० 'मध्यम', १०० ते ११० 'लहानशी', अशी ती उतरंड आहे. तेथे कराचा प्रश्न नाही, म्हणून दोन्ही पद्धतींची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि, एक सरकार गाडीचे कुंपण मोजते आणि दुसरे तिचे माजघर, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. अर्थात घनफळही फसवू शकते. डोक्यावरची पोकळी वाढविली, की घनफुटांचा आकडा वाढतो. गुडघ्यांचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आकडे अवश्य पाहावेत. पण त्यांच्यावर विसंबू नये.

जागेनंतर बैठक. मऊ गादी म्हणजे चांगली गादी, हा दुसरा भ्रम. दुकानातील मोटारीत दोन मिनिटे बसले, की मऊ गादी सुखद वाटते; दोन तासांनी तीच पाठीचा सूड घेऊ लागते. याचे कारण शरीररचनेत आहे. आपण बसतो, तेव्हा शरीराचा भार मुख्यतः ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर येतो. गादी घट्ट असेल, तर ही हाडे ठरावीक जागी राहतात आणि कणा त्यांच्यावर उभा राहतो. गादी फार मऊ असेल, तर ती खाली बुडतात, ओटीपोट मागे कलते आणि कंबरेची नैसर्गिक कमान नाहीशी होते. बेंग्ट ऑकर्ब्लोम या स्वीडिश वैद्याने १९४८ साली बसण्याच्या आणि उभे राहण्याच्या ढबींवर प्रबंध लिहून कंबरेला आधार देण्याची आवश्यकता प्रतिपादिली. आल्फ नाकेमसन या दुसऱ्या स्वीडिश संशोधकाने १९६०नंतर कंबरेच्या मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला. आधारावाचून बसलेल्या माणसात तो उभ्या माणसापेक्षा अधिक भरला, आणि पाठ थोडी मागे टेकविली, की तो उतरला. आगगाडीतील काटकोनी लाकडी बाक आणि मोटारीतील किंचित कललेली पाठ यांतील फरक आपल्या कंबरेला आधीच ठाऊक होता. शास्त्राने त्याला आकडा दिला, एवढेच.

त्यात भर पडते ती हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा कंपने या गतीच्या हादऱ्यांना विशेष दाद देतो. तेवढ्याच गतीने आसन हालले, तर शरीर त्याच्याबरोबर अधिकच हालू लागते. म्हणून गादी, तिच्याखालच्या कमानी आणि चाकांवरचे झोके यांचा एकत्रित विचार करावा लागतो. मागच्या चाकाच्या थेट वर बसलेल्या उतारूला खड्डा जसा कळतो, तसा पुढच्या उतारूला कळत नाही. सात माणसांच्या गाडीतील तिसरी रांग कित्येकदा नेमकी तेथेच असते. तेथे गुडघे हनुवटीला लागतात आणि खड्डे कण्याला. त्या रांगेवर मुलांना बसवावे असे सुचविणाऱ्यांनी, मुलांनी असा कोणता अपराध केला आहे, तेही सांगावे.

आणि आता खरा मुद्दा. आसन कोणाच्या मापाचे? गादी आखूड असेल, तर मांडीला आधार मिळत नाही. ती फार लांब असेल, तर तिची कड गुडघ्यामागे रुतते आणि पायांना मुंग्या येतात. पावणेदोन मीटर उंचीच्या पुरुषाला जी गादी योग्य, तीच भारतीय स्त्रीला पुष्कळदा लांब ठरते. कारण आपल्याकडे स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. तिचे पाय तळाला पुरते टेकत नाहीत. टेकवायचे, तर पाठ सोडावी लागते. मुलाला जे आसन सुखाचे, ते आईला शिक्षेचे! तीच गोष्ट दाराची. आसन फार खाली असेल, तर गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्यात पडावे लागते आणि बाहेर येताना दुसऱ्याचा हात धरावा लागतो. फार वर असेल, तर लुगडे सावरीत चढावे लागते. खुर्चीइतक्या उंचीवर आसन असले, की माणूस सहज बाजूने सरकून बसतो. उंच बांध्याच्या लहान मोटारी वृद्धांना प्रिय का झाल्या, याचे हे एक उत्तर आहे. रुबाबदार, बसक्या मोटारीतून उतरताना माणसाचा रुबाब जितका कमी होतो, तितका त्यांच्यातून होत नाही.

विजेच्या मोटारींनी या हिशोबात नवा आकडा घातला आहे. पुढे मोठे यंत्र नाही, तळातून जाणारा दंड नाही. त्यामुळे आसांतर वाढविता येते आणि तळ सपाट होतो. मधल्या उतारूचे पाय अखेर मोकळे झाले! परंतु विद्युत्‌घटांची जड पेटी तळाखाली असते. तिने तळ वर उचलला आणि आसन होते तेथेच राहिले, तर गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात, आणि पाटावर बसल्याचा भास होतो. म्हणून या मोटारींतही लांबरुंद आकड्यांपेक्षा तळापासून आसनाची उंची किती, हे आधी पाहावे. छताला काच बसविण्याची हौस असेल, तर तिच्या चौकटीने डोक्यावरची किती बोटे जागा घेतली, हेही मोजावे.

मग परीक्षा करावी कशी? उपाय साधा आहे आणि त्याला खर्च नाही. प्रथम चालकाचे आसन स्वतःच्या सोयीने लावावे आणि मग त्याच्याच मागे जाऊन बसावे. दुकानात पुढची आसने पुष्कळदा पुढे ढकलून ठेवलेली असतात. त्यामुळे मागे आढळणारी प्रशस्तता घरी येईपर्यंत टिकत नाही. दुसरे, मागे तिघांनी बसावे आणि मधली जागा खरेदी करणाऱ्याने स्वतः घ्यावी. तेथे डोक्याला टेकू आहे काय, सुरक्षेचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की केवळ कमरेचा, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. कारण तेथे बसणाऱ्याचा जीव इतरांच्या जिवापेक्षा स्वस्त नसतो. तिसरे, दोन मिनिटे नव्हे, वीस मिनिटे बसावे, आणि शक्य तर वाईट रस्त्यावर. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : घरातील सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्यावे, त्याला हात न देता आत बसू द्यावे आणि बाहेर येऊ द्यावे. त्या वेळी मोटारीकडे पाहू नये. त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

राज्य कसे चालले आहे, हे पाहण्यासाठी राजवाड्यात जाऊन चालत नाही, वेशीबाहेरच्या वस्तीत जावे लागते, असे जुने जाणते लोक म्हणत. मोटारीची परीक्षाही तिच्या सर्वांत उत्तम आसनावरून नव्हे, तर सर्वांत गैरसोयीच्या आसनावरून करावी. तेथे कोण बसणार, हे बहुधा आधीच ठरलेले असते. जो तक्रार करीत नाही, तो. घरातील आजी, पाहुणा म्हणून आलेला भाचा, किंवा 'मला काय, कोठेही चालेल' असे म्हणणारी गृहिणी. मोटारीच्या किमतीत त्यांचाही वाटा असतो, बोलण्यात मात्र नसतो. तेव्हा पुढच्या वेळी मोटारीची निवड करताना एक मत त्यांना द्यावे. आणि निकालाचे मत तेच धरावे.